फास्टनेट शर्यत दोघींनी: झोप, ओहोटी आणि शिडं

रानवारा

'तारिणी'वरून दिलना आणि रूपा या नौदलाच्या दोन अधिकाऱ्यांनी पृथ्वीप्रदक्षिणा केली, त्या धाग्यात कुणीतरी विचारलं होतं की दोनच माणसं शिडाची बोट दिवसरात्र कशी चालवतात. तिथे दोन ओळींत उत्तर दिलं होतं आणि सवडीने लिहीन असं कबूल केलं होतं. मी परिक्रमा केलेली नाही. पण इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर दोघांच्या गटातल्या लांब पल्ल्याच्या शर्यती करते. त्यातली सगळ्यात मोठी फास्टनेट, म्हणून तिच्याबद्दलच लिहिते.

फास्टनेट हा आयर्लंडच्या नैऋत्य टोकाजवळ समुद्रात उभा असलेला एकटा खडक. त्यावर दीपगृह आहे. आइल ऑफ वाइट बेटावरच्या काउजहून निघायचं, इंग्लंडचा दक्षिण किनारा धरून पश्चिमेला जायचं, लँड्स एंड हे टोक ओलांडून सेल्टिक समुद्र पार करायचा, खडकाला डावीकडे ठेवून वळसा घालायचा आणि सिली बेटांच्या खालून परत. पहिली शर्यत १९२५ ची. तेव्हा सात बोटी होत्या आणि 'जोली ब्रीझ' जिंकली. आता दर दोन वर्षांनी भरते आणि चारशेहून जास्त बोटी येतात. पूर्वी शेवट प्लिमथला असायचा, २०२१ पासून फ्रान्समधल्या शेरबूरला असतो. त्यामुळे अंतर वाढून ६९५ समुद्री मैल झालं, म्हणजे जवळजवळ १,२८७ किलोमीटर. आमच्यासारख्या ३३ फुटी बोटीला चार ते पाच दिवस लागतात, वारा पडला तर त्याहून जास्त.

एवढ्या बोटीवर एरवी सहा-सात माणसं असतात. दोघांच्या गटात दोनच. सवलत एकच, ऑटोपायलट वापरायची मुभा. बाकी शिडं तीच, लाटा त्याच, सुरक्षेचे नियमही तेच.

सगळ्या बोटी सारख्या नसल्यामुळे प्रत्येकीला मोजमापावरून एक गुणक दिलेला असतो. लागलेल्या वेळाला त्याने गुणायचं. १.०१० गुणकाची छोटी बोट १०० तासांत आली तर तिचा वेळ धरतात १०१ तास. १.१५० ची मोठी बोट ९० तासांत आली तर १०३.५. छोटी जिंकली. म्हणून आमच्यासारख्यांनाही अख्ख्या ताफ्याशी झुंजता येतं. २०१३ साली पास्कल आणि अलेक्सी लोआझाँ या शेरबूरच्या बापलेकांनी 'नाइट अँड डे' या ३३ फुटी बोटीवर दोघांनीच जाऊन अख्खी फास्टनेट जिंकली. तोवर दोघांच्या बोटीने ती कधीच जिंकली नव्हती. २०२५ च्या शताब्दी शर्यतीतही तेच झालं. त्याच अलेक्सीने जाँ-पिएर केल्बेरसोबत 'लेओं'वर एकूण पहिला क्रमांक घेतला. पूर्ण खलाशी असलेल्या मोठमोठ्या बोटी मागे राहिल्या. हे नशिबाने होत नाही, त्याचं कारण पुढे येईलच.

मी २०२३ ची शर्यत केली. सोबत एक निवृत्त शिक्षिका, वयाने माझ्याहून बरीच मोठी, बोटीत निम्मी वाटेकरी. २२ जुलैला सुटलो तेव्हा नैर्ऋत्येचा सोसाट्याचा वारा अगदी तोंडावर होता आणि ओहोटी आम्हाला त्याच्याच दिशेने ओढत होती. वारा आणि पाण्याची ओढ समोरासमोर आली की लाट आखूड आणि उभी होते. हर्स्टच्या चिंचोळ्या भागातून बाहेर पडून नीडल्सच्या खडकांपाशी गेल्यावर बोट एका लाटेवर चढते आणि पलीकडे नुसती आपटते. डोलकाठीपासून पायाखालच्या फळीपर्यंत हादरा जाणवतो. त्या संध्याकाळी एक बोट बुडाली. तिच्यावरही दोघेच होते, दोघेही सुखरूप वाचले. पहिल्या रात्रीतच कितीतरी बोटी बंदरात फिरल्या.

तेव्हा आमचं मोठं शीड तिसऱ्या रीफपर्यंत उतरवलेलं होतं. रीफ घेणं म्हणजे शीड आखूड करणं. पूर्ण खलाशी असले तर हे काम तीन-चार जण वाटून घेतात. आम्ही असं करतो: बोट ऑटोपायलटवर वाऱ्याशी थोडी तिरकी धरायची. सोबतीण सुरक्षेचा पट्टा डेकवर ताणलेल्या पट्टीला अडकवून रांगत डोलकाठीपर्यंत जाते. मी कॉकपिटमधून, म्हणजे सुकाणूपाशी बसायच्या जागेतून, शीड वर धरणारा दोर सोडते. ती कडी हुकात अडकवते आणि हात वर करते, कारण त्या वाऱ्यात ओरडलेलं ऐकू येत नाही. मग मी तो दोर पुन्हा ताणते, रीफचा दोर विंचवर (दोर ओढायच्या फिरत्या चक्रावर) गुंडाळून घट्ट करते, आणि ती तशीच रांगत परत येते. ती कॉकपिटमध्ये येऊन बसेपर्यंत मी दुसऱ्या कशालाही हात लावत नाही.

बहुतेकांना वाटतं दोघांच्या शर्यतीत ताकद कमी पडत असेल. ताकदीला विंच आहेत, कप्प्या आहेत. कमी पडते ती झोप. जोडीदार झोपलेली असताना तुम्ही एकट्याच असता, म्हणजे निम्मी शर्यत प्रत्येकीने एकटीने केलेली असते. कुठलं काम तिला न उठवता करायचं आणि कशासाठी उठवायचंच, याच्यावर सगळं ठरतं. पहाटे तीनला वारा थोडा उतरला की शीड वाढवायला हवं. थकलेला माणूस म्हणतो, उजाडल्यावर बघू. त्या तीन तासांत बोट ताशी अर्धा मैल कमी चालली तर दीड मैल गेला. असं तीन रात्री केलं तर निकालपत्रावर पार खाली जाता. जिंकणारी जोडी पहाटे तीनला तेच काम करते जे दुपारी तीनला केलं असतं, कारण ते दोघे पहिल्या दिवसापासून ठरवून झोपलेले असतात.

आमची पद्धत: मोकळ्या समुद्रात रात्री दीड तासाची पाळी, जहाजांच्या वर्दळीत वीस मिनिटांच्या डुलक्या. झोपायचं ते पाण्याचे कपडे आणि लाइफ जॅकेट अंगावर ठेवूनच, वाऱ्याच्या बाजूच्या बाकावर. पहिली झोप पहिल्याच दुपारी घ्यायची, थकवा नसला तरी. हे सगळ्यात अवघड, कारण तेव्हा कुणालाच झोप येत नाही. पाळी बदलताना पाच गोष्टी सांगायच्या: वारा कुठून आणि किती, आसपास कोण, पुढचं वळण कुठे, शिडं कशी लावलीत, आणि काळजी कशाची वाटते. ही शेवटची गोष्ट कधीच गाळायची नाही. उठलेली बाई पूर्ण जागी झाली असं दिसेपर्यंत दुसरीने जागा सोडायची नाही.

बाकी विचारा तसं सांगते.

---

वसुधा

किती सुंदर लिहिलंयस गं! रीफ घेण्याचा परिच्छेद वाचताना अंगावर काटा आला. माझे प्रश्न साधे आहेत. खाता काय? आणि कपडे न काढता एवढे दिवस, तर बाईने शरीरधर्माचं काय करायचं? कुणीच हे लिहीत नाही.

---

नाखवाचा_नातू

ताई, मस्त. आम्ही रेवदंड्याकडचे. आजोबांचा शिडाचा मचवा होता. पहाटे मतलई वाऱ्यावर बाहेर जायचं आणि दुपारी खारा वारा सुटला की त्याच्यावर परत, इंजिनाचा प्रश्नच नव्हता. आजा सांगायचा की वाऱ्यापेक्षा पाणी ओळखायला शीक, भरती-ओहोटीचा पत्ता नसेल तर वारा कितीही असो, घरी उशिराच येशील. तुमच्याकडची ओहोटी फार जोराची असते असं ऐकून आहे. वारा पडला आणि ओढ उलटी असली तर काय करता? इंजिन तर लावता येत नसेल.

---

मिलिंद_के

लेखन आवडलं, पण दोन शंका आहेत आणि त्या मनापासून विचारतोय. पहिली: ऑटोपायलट बोट हाकत असेल तर यात माणसाचं कौशल्य किती राहिलं? दुसरी जास्त गंभीर. याच शर्यतीत १९७९ साली माणसं गेली होती. दोघांनीच जाणं म्हणजे एकाला काही झालं तर दुसरा एकटा. शिवाय सुटकेला येणाऱ्यांचेही जीव धोक्यात. हौसेसाठी हे योग्य आहे का?

---

रानवारा

वसुधाताई, खरंच कुणी लिहीत नाही, म्हणून नीट लिहिते. पाण्याच्या विजारीला मागे उघडणारी चेन असलेला बायकांचा कट मिळतो, तो घेतल्याशिवाय लांबच्या शर्यतीला जाऊ नये. बोटीत छोटा संडास असतो, पण खवळलेल्या समुद्रात तो आडवातिडवा हलतो, म्हणून आम्ही बादली वापरतो, कॉकपिटमध्ये, पट्टा अडकवलेला ठेवून. पाळीची तारीख शर्यतीत येणार असेल तर आधीच डॉक्टरांशी बोलून घ्यावं. आणि पाणी कमी प्यायचं नाही. लघवीला जावं लागू नये म्हणून बायका पाणी टाळतात, मग डोकं दुखतं, चिडचिड होते, आणि थकव्याचा दोष झोपेला लागतो.

खाणं: उकळतं पाणी ओतून खायची कोरडी पाकिटं रात्रीसाठी. दिवसा दशम्या, भडंग, सुकामेवा. पहिल्या दिवशी मात्र मेतकूट-भात डब्यात तयार असतो, कारण चूल पेटवायला कुणी खाली गेली की तिला हमखास मळमळतं. बोट लागण्याची गोळी आदल्या रात्रीच सुरू करायची. आलेपाकही असतो, तो सोबतिणीला माझ्यापेक्षा जास्त आवडतो.

नाखवाचा_नातू, तुमच्या आजोबांचं बोलणं इथे जसंच्या तसं लागू आहे. उत्तर ऐकून तुम्हाला आनंद होईल: नांगर टाकतो. भर शर्यतीत! काउजहून सेंट मालोला जाणारी एक शर्यत आहे, तिच्या वाटेवर गर्न्सी आणि आसपासची बेटं लागतात. तिथे ओढ इतकी की वारा पडला तर शिडं लावलेली असताना, पाणी कापत असतानाही जीपीएसवर बोट मागे जाताना दिसते. एकदा तसंच झालं. पाणी चाळीस मीटरहून खोल. बोटीवरचे होते नव्हते तेवढे लांब दोर एकाला एक जोडून नांगर सोडला, हळूच, आवाज न करता. शेजारच्या बोटींना कळलं की त्याही टाकतात, मग फायदा संपला. आम्ही एका जागी उभे आणि आजूबाजूच्या बोटी मागे मागे सरकताहेत. दोर हातात धरून बसायचं, त्याची थरथर कमी झाली की ओढ मंदावतेय हे कळतं. नियम असा की टाकलेला नांगर परत वर घेण्याचा प्रयत्न करावाच लागतो, कापून टाकून पळता येत नाही. तेवढा ओला दोर विंचवरून ओढताना दोघींचे खांदे भरून आले. पण पहाटे ओढ फिरली तेव्हा आमच्या पुढे असलेल्यांपैकी अर्ध्या बोटी मागे होत्या.

फास्टनेटमध्येही असे नाके आहेत: पोर्टलंड बिल, स्टार्ट पॉइंट, लिझर्ड. प्रत्येक टोकाशी अनुकूल ओहोटीत पोचलात तर पुढच्या टोकापर्यंत ती तुम्हाला घेऊन जाते. एक नाका तासाभराने हुकला की सहा तास अंगावर येतात. म्हणून नकाशाच्या टेबलापाशी बसायलाही जागी बाई लागते आणि हिशेब पुन्हा झोपेवरच येतो.

मिलिंददादा, तुमच्या शंका रास्त आहेत, पुढच्या प्रतिसादात सविस्तर.

---

गोमंतक

नौदलातून निवृत्त आहे, म्हणून थोडी भर. दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये 'म्हादेई'वरून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. ती करणारे ते पहिले भारतीय. त्यांच्यानंतर अभिलाष टॉमी त्याच बोटीवरून कुठेही न थांबता गेले आणि २०१३ मध्ये गेटवेला परतले. म्हादेई आणि तारिणी या दोन्ही ५६ फुटी बोटी गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या अ‍ॅक्वेरियस शिपयार्डमध्ये बांधल्या. दोन्ही केप टाउन ते रिओ या दक्षिण अटलांटिक ओलांडणाऱ्या शर्यतीतही उतरल्यात. तेव्हा थोड्या माणसांनी महासागरी शर्यत करणं आपल्याकडे अगदीच नवं नाही.

टॉमींचं पुढचंही सांगायला हवं. २०१८ च्या गोल्डन ग्लोब या एकट्याने जगप्रदक्षिणा करायच्या शर्यतीत दक्षिण हिंदी महासागरात त्यांची बोट वादळात उलटली, डोलकाठी मोडली, पाठीला जबर मार बसला आणि फ्रेंच जहाजाने त्यांना वाचवलं. तोच माणूस २०२२ च्या शर्यतीत पुन्हा उतरला आणि २०२३ च्या एप्रिलमध्ये दुसरा आला. पहिली आली ती दक्षिण आफ्रिकेची कर्स्टन नॉयशेफर.

---

अनुजा_ठाणे

वाचतेय. गोमंतक काका, माहितीबद्दल आभार. रानवारा, मला पोहता येतं, पण शिडाच्या बोटीत कधी पाय ठेवलेला नाही. ठाण्यात राहून सुरुवात कुठून करायची? की हे फक्त पैसेवाल्यांचं काम?

---

रानवारा

मिलिंददादा, आता तुमच्यासाठी.

ऑटोपायलट दिशा धरतो. शिडं केव्हा बदलायची, किनाऱ्याजवळ जायचं की दूर, पुढचा वारा कुठून येणार, हे त्याला कळत नाही. मागून मोठी लाट येत असताना स्पिनेकर हे पुढचं मोठं फुगीर शीड लावलेलं असेल तर आम्ही सुकाणू हातात घेतो, कारण लाट बोटीला कलती करण्याआधी अंगाला कळते आणि यंत्राला नंतर. यंत्राला वीज लागते, तीही मोजून वापरावी लागते. यंत्र बंद पडलं तरी शर्यत पुरी करता आली पाहिजे, म्हणून सरावात आम्ही ते मुद्दाम बंद ठेवतो.

१९७९ बद्दल. १३ आणि १४ ऑगस्टच्या वादळात ३०३ बोटींपैकी शंभरही पुऱ्या पोचल्या नाहीत, १५ स्पर्धक गेले. त्या बोटींवर पुरेशी माणसं होती. माणसं जास्त म्हणून कुणी वाचलं नाही. लोकांनी २४ बोटी सोडून दिल्या, त्यातल्या पाचच बुडाल्या, बाकीच्या नंतर तरंगताना सापडल्या. तराफ्यात गेलेल्या काहींचा मात्र जीव गेला. म्हणून आता शिकवलंच जातं की बोट पायाखालून जात असेल तेव्हाच तराफ्यात जा, तोवर बोट सोडू नका. आज प्रवेशासाठी आधी सगळ्या मिळून किमान ३०० मैलांच्या शर्यती केलेल्या असाव्या लागतात, समुद्रात जीव वाचवण्याचं प्रशिक्षण लागतं. वादळी शिडं, तराफा, उपग्रहाला संकेत देणारं यंत्र हे सगळं लागतं. पाण्यात पडलात तर आसपासच्या बोटींच्या पडद्यावर तुमची जागा दाखवणारा छोटा एआयएस संच लाइफ जॅकेटमध्ये असतो.

तुमचा 'दुसरा एकटा' हा मुद्दा मात्र खरा आहे आणि तो खोडून काढणार नाही. दोघींपैकी एक पाण्यात पडली तर शिडं उतरवून, बोट फिरवून, भिजलेल्या माणसाला एकटीने वर घेणं जवळजवळ अशक्यप्राय काम आहे. आम्ही कप्पी लावून सराव केलाय, सपाट पाण्यातही दमछाक होते. म्हणून आमच्याकडे अंधार पडला की पट्टा अडकवल्याशिवाय कॉकपिटमध्ये पाऊल टाकायचं नाही. यात 'दोन मिनिटांसाठी' हा अपवादही नाही.

टेहळणीचं म्हणाल तर आंतरराष्ट्रीय नियम पाच सांगतो की बोटीवर सतत कुणीतरी पाहणारं हवं. एकट्याच्या शर्यतीत झोप घेताना तो पाळता येत नाही. दोघांत तो पूर्ण पाळता येतो. माझ्या मते लांबच्या शर्यतीसाठी दोन हा सगळ्यात प्रामाणिक आकडा आहे: नियम मोडावा लागत नाही, आणि कुणाच्या आड लपताही येत नाही.

---

ऑकलंडकर

शेवटच्या वाक्याला +१. इकडे न्यूझीलंडमध्ये उत्तर बेटाला दोघांनी फेरी घालण्याची जुनी शर्यत आहे. ऑकलंडहून निघून मँगोनुई, वेलिंग्टन, नेपियर असे थांबे घेत परत ऑकलंड. थांब्यांवर झोप मिळते, त्यामुळे नवख्यांना ती बरी. फास्टनेटमध्ये थांबाच नाही, हा मोठा फरक. पॅरिस ऑलिंपिकमध्ये एक पुरुष आणि एक स्त्री अशा जोडीची समुद्री शर्यत ठेवायचं घाटत होतं, २०२१ मध्ये ते बारगळलं. पण तेवढ्या निमित्ताने दोघांसाठीच आखलेल्या बऱ्याच बोटी निघाल्या. पुढच्या लेखनाला शुभेच्छा.

---

मिलिंद_के

इतकं मोकळेपणाने उत्तर दिल्याबद्दल धन्यवाद. १९७९ मध्ये सोडून दिलेल्या बोटी नंतर तरंगत होत्या, हे माहीत नव्हतं. एकच राहिलं: झोप अपुरी झाली तर भास होतात असं वाचलंय. खरं आहे?

---

रानवारा

खरं आहे. दोरांतून वारा वाहताना जो आवाज होतो त्यात बोलणं ऐकू येतं. मला मराठीत ऐकू येतं, सोबतिणीला वर्गातली मुलं. ते ऐकू आलं की दुसरीला उठवायचं आणि आपण खाली जाऊन झोपायचं, पाळी संपली नसली तरी. हे आधीच ठरलेलं असतं, म्हणून सांगायला संकोच वाटत नाही. परतीच्या वाटेवर सिली बेटांजवळ, बिशप रॉक दीपगृहाचा दिवा दिसत असताना, तिने मला तसंच उठवलं होतं.

ऑकलंडकर, बरोबर. आमच्या गटात शंभराच्या आसपास जोड्या असतात, त्याला ते ऑलिंपिकचं वारं हे एक कारण आहेच. दोघांच्या बोटी एकूण शर्यत का जिंकताहेत याचंही उत्तर तिथेच आहे. बोट दोघांना झेपेल अशीच आखलेली, चार-पाच माणसांचं आणि त्यांच्या सामानाचं वजन नाही, आणि वर बसलेले लोक अलेक्सी लोआझाँसारखे एकट्याच्या शर्यतीत वर्षानुवर्षं घासून निघालेले.

अनुजा, पैसे लागतात हे नाकारत नाही. बोट बाळगणं महागच. पण खलाशी म्हणून जायला बोट लागत नाही, आणि सुरुवात तशीच करायची असते. मुंबईत ऑक्टोबर ते मे हा शिडांचा हंगाम. कुलाब्याजवळच्या क्लबांमध्ये, रॉयल बॉम्बे यॉट क्लब त्यातलाच, शिकवण्या चालतात. चौकशी सप्टेंबरातच कर. आधी छोट्या बोटीत शीक, मोठ्या बोटीत लगेच जाऊ नकोस, कारण छोटी चूक तिथे लगेच अंगावर पाणी होऊन येते आणि वारा अंगात मुरतो. मग कुणाच्या तरी बोटीवर नियमित जात राहा, वेळेवर पोच, आणि दोर गुंडाळण्याचं काम मनापासून कर. ज्यांना माणूस कमी पडतो ते अशांनाच आधी बोलावतात. दोघांची शर्यत त्यानंतर, निदान दोन-तीन हंगामांनी.

पुढची फास्टनेट २०२७ मध्ये आहे. पात्रतेच्या शर्यती त्याच्या आधीच्या वर्षभरात पुऱ्या कराव्या लागतात. इंग्लंडात असलेल्या कुणाला मे ते सप्टेंबर आमच्यासोबत दिवसाच्या सरावाला यायचं असेल तर व्यक्तिगत निरोप करा, साउथम्प्टनहून सुटतो. पाण्याचे कपडे आणि लाइफ जॅकेट बोटीवर आहेत. रबरी तळव्याचे बूट तेवढे स्वतःचे आणा.